हाऱ्यावरचा बिनौला

कोल्हापूरहून कर्नालला शिकायला गेलो, तेव्हा मला पंढरपुरी म्हैस तेवढी ठाऊक. झज्जरजवळच्या एका गावात पहिल्यांदा ताजी व्यायलेली मुऱ्हा पाहिली. अंगणाच्या कोपऱ्यात हारा, म्हणजे मातीची खोल शेगडी. तिच्यात शेणीचा मंद विस्तव आणि वर हंडीत सकाळपासून रटरटणारा बिनौला. बिनौला म्हणजे आपली सरकी. घरच्या आजीने त्यात गूळ टाकला, मोहरीचं तेल ओतलं आणि बजावलं, आत्ता हिला राखलं नाही तर ही वर्षभर माजावर यायची नाही.

त्या एका वाक्याचं शास्त्र शिकण्यात माझी पुढची वर्षं गेली. व्याल्यावर दूध झपाट्याने चढतं, भूक मागे राहते. अंगावरची चरबी दुधात उतरते, बरगड्या दिसू लागतात आणि माज लांबतो. म्हशीचा गर्भकाळ साधारण 310 दिवसांचा. दर 13 महिन्यांनी रेडकू हवं, तर 85 दिवसांत ती गाभण राहायला हवी. स्निग्धात धान्याच्या दुपटीहून जास्त ऊर्जा असते खरी, पण मोकळं तेल फार झालं की कोठीपोटातले जिवाणू मंदावतात, वैरण पचत नाही. सरकीचं तेल टरफलाआड असतं, ते सावकाश सुटतं. शिवाय त्यात निम्म्याच्या आसपास लिनोलेइक ॲसिड; त्यातूनच प्रजननाला लागणारी प्रोस्टाग्लँडिनं बनतात. आजीची हंडी बरोबर होती.

बंगळूरची दुग्धसंशोधन संस्था 1955 साली कर्नालला आली. 1980च्या दशकात अमेरिकेत ओहायोमध्ये पामक्विस्ट आणि जेंकिन्स यांनी मोकळ्या तेलाची ही अडचण टाळण्यासाठी फॅटी ॲसिडं कॅल्शियमशी बांधली. ती कोठीपोटात शाबूत राहतात, चौथ्या पोटातल्या आम्लात सुटतात. हेच बायपास फॅट पुढे कर्नालच्या या संस्थेनेही देशी तेलांपासून तयार केलं.

दिल्लीच्या तबेल्यांत मात्र ही काळजी पोचली नाही. तिथे हरियाणातून व्यायलेली म्हैस आणायची, आटेपर्यंत पिळायची आणि व्यापाऱ्याला देऊन दुसरी आणायची. माजाची वाट कोण पाहणार? उत्तम मुऱ्हा एका वेतात संपल्या, याचं मला आजही वाईट वाटतं.

आपल्याकडे दावणीला आता सरकी पेंड येते. तिच्यातलं बरंचसं तेल गिरणीतच निघून गेलेलं असतं. म्हणून व्याल्यापासून 90 दिवस म्हशीला रोज 150 ते 200 ग्रॅम बायपास फॅट द्या.