ना पोप, ना छापील नियमावली. तरी आमिश मंडळी आपल्या माणसांना धरून ठेवते कशी?

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात लँकेस्टर काउंटीतून जाताना मोटारींच्या शेजारून घोडागाड्या धावताना दिसतात. त्यात बसलेले लोक म्हणजे आमिश. घरात टीव्ही नाही, सरकारी विजेची जोडणी नाही, स्वतःची मोटार नाही. त्यांच्यावरचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. पण त्यात बहुतेक वेळा घोडागाडीच दिसते. आज सुमारे ४ लाख संख्या असलेले हे ख्रिस्ती लोक कशाच्या बळावर हे सगळं पाळतात, ते मात्र कॅमेऱ्यात येत नाही. त्यांना ना पोप, ना मुख्य कार्यालय.

यासाठी थेट १५२५ सालच्या झुरिचमध्ये जावं लागतं. तिथल्या काही तरुणांनी तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देण्याची प्रथा नाकारली. विश्वास ही कळत्या वयात, समजून स्वीकारायची गोष्ट आहे, असं त्यांचं म्हणणं. त्या काळी हा गुन्हा होता. फेलिक्स मांझ याला जानेवारी १५२७ मध्ये लिम्मात नदीत बुडवून मारलं गेलं. पुढच्याच महिन्यात याच पंथाचे लोक श्लाइटहाइम गावी जमले आणि त्यांनी सात कलमं ठरवली. दुसरं कलम शिस्तीचं. त्याला आधार मत्तयच्या शुभवर्तमानातल्या १८ व्या अध्यायाचा: भाऊ चुकला तर आधी एकांतात सांगा, मग दोघांतिघांसमोर, मग मंडळीपुढे, आणि तरीही ऐकलं नाही तर त्याला बाहेरचा समजा. राजसत्ता ज्यांना बुडवत आणि जाळत होती, त्यांनी आपल्यातल्या चुकणाऱ्यासाठी तलवार नाकारली आणि फक्त दूर ठेवण्याची शिक्षा निवडली, हे विसरून चालणार नाही.

पण दूर म्हणजे किती दूर? १६९३ मध्ये याच प्रश्नावर फूट पडली. बहिष्कृताला प्रभुभोजनात घ्यायचं नाही, यावर एकमत होतं. याकोब अम्मान म्हणाला, घरच्या जेवणाच्या टेबलावरही नको. हान्स राइस्टला ते पटलं नाही. अम्मानच्या मागे गेले ते आमिश.

त्यांच्या नियमांना ‘ऑर्डनुंग’ म्हणतात. हे नियम बहुतेक तोंडी असतात आणि प्रत्येक मंडळीचे थोडे वेगळे. एका मंडळीत साधारण २० ते ४० कुटुंबं. चर्चची इमारत नसते. एक रविवार सोडून कुणाच्या तरी घरी उपासना होते. पाळक निवडतात तो चिठ्ठीने. मंडळीने सुचवलेल्या माणसांपुढे गीतपुस्तकं ठेवतात, ज्याच्या पुस्तकात चिठ्ठी निघेल तो आयुष्यभर बिनपगारी पाळक.

वसंतात आणि शरदात, म्हणजे वर्षातून दोनदा, प्रभुभोजन होतं. त्याच्या दोनेक आठवडे आधी एक लांबलचक सभा भरते आणि आमिश शिस्तीचा खरा गाभा तोच. बिशप नियम सांगतात. मग प्रत्येक सभासदाला विचारलं जातं: हे मान्य आहे का, देवाशी आणि माणसांशी तुझा समेट आहे का? भांडण मिटलं नसेल तर प्रभुभोजन पुढे ढकललं जातं. म्हणजे दोन शेजाऱ्यांमधला बांधावरचा वाद सगळ्या मंडळीचं प्रभुभोजन अडवू शकतो! टेलिफोनसारख्या वस्तूंचा निकालही असाच लागला. यंत्र म्हणजे पाप, असं कुणी म्हणत नाही. पण त्याने भेटीगाठी कमी होतील का, हे पाहिलं जातं. लँकेस्टरमध्ये १९१० च्या सुमारास घरातला फोन बंद झाला. पुढे शेताच्या कडेच्या खोपटात सामाईक फोन चालू लागला.

बहिष्काराची एक अट महत्त्वाची आहे. बाप्तिस्मा साधारण १८ ते २२ वयात होतो. तो न घेता निघून गेलेल्याला बहिष्कार लागत नाही. ज्याने गुडघे टेकून वचन दिलं आणि नंतर मोडलं, त्यालाच लागतो. मग त्याच्याबरोबर एका टेबलावर जेवायचं नाही, त्याच्या हातून वस्तू घ्यायची नाही, त्याच्या मोटारीत बसायचं नाही. बोलायला आणि अडचणीत मदत करायला मात्र मोकळीक असते. काही घरांत दोन टेबलं जवळजवळ ठेवून वर एकच चादर अंथरतात. नियमही राहतो आणि मुलगाही जेवतो.

आपल्याकडे हे वाचून ‘वाळीत टाकणं’ आठवेलच. महाराष्ट्राने त्याविरुद्ध २०१६ मध्ये कायदाही केला. फरक एवढाच की जात जन्माने चिकटते, तर इथे माणूस स्वतः होकार देतो. तो होकार कितपत मोकळा, हा प्रश्न उरतोच. आमिश मुलं आठवीनंतर शाळेत जात नाहीत. १९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘विस्कॉन्सिन विरुद्ध योडर’ खटल्यात त्याला मान्यता दिली. मुलांचं म्हणणं कुणी विचारलं का, असं त्याच निकालात न्यायमूर्ती डग्लस यांनी नोंदवलं. वीस वर्षांच्या मुलाची सगळी माणसं मंडळीतच असतात. तरी ८५ टक्क्यांच्या आसपास मुलं बाप्तिस्मा घेऊन तिथेच राहतात.

प्रकरण कोर्टातही गेलं आहे. आजारी मुलीला डॉक्टरकडे नेण्यासाठी मोटार हवी म्हणून ओहायोतल्या अँड्र्यू योडर यांनी मंडळी बदलली आणि त्यांच्यावर बहिष्कार पडला. १९४७ मध्ये ज्युरीने त्यांना ५,००० डॉलरची भरपाई दिली.

परतीची वाट कायम उघडी असते. चुकलेला माणूस मंडळीपुढे कबुली देतो, बिशप हात धरून उठवतात आणि तो विषय पुन्हा काढायचा नाही, असा रिवाज आहे. ऑक्टोबर २००६ मध्ये निकल माइन्सच्या शाळेत एका बाहेरच्या माणसाने गोळ्या झाडून पाच आमिश मुलींना मारलं, तेव्हा त्याच दिवशी आमिश लोक त्याच्या विधवेचं सांत्वन करायला गेले. ती क्षमा जगाने पाहिली. पण हाच रिवाज घरातल्या अत्याचारावर पांघरूणही घालतो. लैंगिक अत्याचार करणाऱ्याला सहा आठवडे दूर ठेवून परत घेतलं, आणि नंतर तोंड उघडणारी मुलगीच ‘क्षमा न करणारी’ ठरली, असे अनुभव आमिश घरांतल्या स्त्रियांनी अलीकडच्या वर्षांत जाहीरपणे सांगितले आहेत. त्यातल्या काहींनी पोलिसांकडे धाव घेतली आणि काही प्रकरणांत गुन्हेगारांना शिक्षाही झाली.