ऋतु, रस्ता आणि चाक

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतांत १ डिसेंबरपासून १५ मार्चपर्यंत तेथें नोंदलेल्या प्रत्येक मोटारीस हिवाळी टायर असलेच पाहिजेत, असा निर्बंध आहे. २००८ सालच्या हिवाळ्यांत तो प्रथम अंमलांत आला, तेव्हां त्याचा आरंभ १५ डिसेंबरला होत असे. पुढें तो पंधरा दिवस अलीकडे ओढण्यांत आला. माँट्रियलसारख्या शहरांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांस ही गोष्ट आतां अंगवळणीं पडली आहे. दिवाळी आटोपली कीं टायर बदलावयाचे आणि शिमगा झाला कीं ते पुन्हां काढून ठेवावयाचे! इकडे छत्रपति संभाजीनगरांत राहिलेल्या त्यांच्या वडील माणसांस मात्र या दुहेरी खर्चाचें नवल वाटतें. आणि त्या नवलांतूनच एक रास्त प्रश्न उभा राहतो. याही शहराभोंवतीं डोंगर आहेत, घाट आहेत, पौष-माघांत थंडीही बोचरी पडते. मग ऋतु पालटला कीं चाक पालटण्याची चाल इकडे कां पडली नाहीं?

‘इकडे बर्फ पडत नाहीं’ हें उत्तर खरें आहे, पण अपुरें आहे. दख्खनच्या पठारावरही वर्षांतले चार महिने असे असत कीं, त्यांत चाक जागचें हलत नसे. ही अडचण बर्फाची नसून काळ्या चिखलाची होती. तिच्यावर या प्रदेशानें कोणते उपाय योजले हें पाहिलें, म्हणजे चाकाच्या प्रश्नाचा उलगडा आपोआप होतो.

औरंगाबाद हें मूळचेंच वाटेवरचें शहर. मुहम्मद तुघलकानें १३२७ सालीं देवगिरीस राजधानी आणली, तेव्हांपासून हा टापू दिल्लीशीं सडकेनें जोडला गेला. हा प्रवास चाळीस दिवसांचा असून वाटेच्या दोन्ही बाजूंस झाडें होतीं, असें इब्न बतूता सांगतो. पुढें १६१० सालीं मलिक अंबरानें खडकी वसविली. १६५३ सालीं औरंगजेबानें तिला आपलें नांव दिलें. आणि सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाणारे व्यापारी येथें मुक्काम करूं लागले. तावेर्निये नांवाचा फ्रेंच जवाहिऱ्या याच मार्गानें गेला होता. हिऱ्यामाणकांचा पारखी असूनही त्याची नजर बैलांच्या खुरांपर्यंत पोंचली, हें विशेष होय. खडकाळ मुलखांत बैलांच्या पायांस पत्र्या मारतात, कारण गोट्यांनीं आणि तापलेल्या जमिनीनें खूर दुखावतात, असें त्यानें नमूद केलें आहे. दहा-बारा हजार बैलांचे बंजाऱ्यांचे तांडे वाटेंत आडवे आले, म्हणजे प्रवाशास दोन-दोन, तीन-तीन दिवस थांबून राहावें लागे, हेंही तो सांगतो. गोवळकोंड्याच्या दक्षिणेस तर रस्ते इतके वाईट कीं चाकाची गाडी चालतच नाहीं, सारा माल बैलांच्या व तट्टांच्या पाठीवरून जातो, असा त्याचा दाखला आहे.

यांतील मर्म ध्यानांत घेण्यासारखें आहे. घाटांत आणि चिखलांत जेथें चाक हरतें, तेथें दख्खननें चाक सुधारण्याच्या भरीस न पडतां चाकच वगळलें. बंजाऱ्याचा बैल हा बिनचाकी वाहतुकीचा कणा होता. चढावर त्याला रस्ता लागत नसे, पायवाट पुरे.

दुसरा उपाय थांबण्याचा. येथील काळी माती काळ्या पाषाणाच्या झिजेपासून झालेली; पाणी पितांच ती फुगते आणि तिला लोण्यासारखा गुळगुळीतपणा येतो. चाक एकदां तिच्यांत रुतलें कीं आरे आणि धाव यांच्यामध्यें चिखलाचे लिंपण बसत जातें व अखेर चाकाचा एक गोळा होऊन राहतो. म्हणून मराठ्यांच्या फौजा पावसाळ्यांत छावणी करीत आणि दसऱ्यास सीमोल्लंघन करून बाहेर पडत. सीमोल्लंघन हा धार्मिक विधि खराच. परंतु वाटा वाळल्याची ती जणुं जाहीर द्वाहीही होती. हा नेम मोडणाऱ्याची काय गत होई, त्याचें उदाहरण ज्या बादशहाचें नांव या शहरास होतें, त्याच्याच चरित्रांत आहे. १७०२ सालच्या जूनमध्यें खेळणा म्हणजे विशाळगड हातीं आल्यावर औरंगजेबाच्या सैन्यानें भर पावसांत पन्हाळ्याकडे कूच केलें. अंतर अवघें तीस मैल. त्यास अडतीस दिवस लागले! जनावरें मेलीं, सामान वाहून गेलें, माणसें उपाशी राहिलीं. गड घेण्यास लागलेल्या सहा महिन्यांनीं जें केलें नव्हतें तें त्या तीस मैलांनीं केलें. ज्या बादशहापाशीं हिंदुस्थानांतला सर्वांत मोठा तोफखाना होता, त्याला आषाढापुढें मान तुकवावी लागली.

चाकाकडे लक्ष गेलें तें पुढील शतकांत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत दख्खनांत कित्येक ठिकाणीं गाडीचीं चाकें म्हणजे दगडाच्या किंवा सबंध लाकडाच्या जड तबकड्या असत. १८३६ च्या सुमारास सोलापूर जिल्ह्यांतील टेंभुर्णी येथें गेसफर्ड या तोफखान्यांतील अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीं सुधारलेल्या हलक्या गाड्या होऊं लागल्या, आणि आऱ्यांचें चाक शेतकऱ्याच्या आटोक्यांत आलें. तुंबा, त्यांत बसविलेले आरे, आऱ्यांवर पुठ्ठे आणि या सर्वांस आवळून धरणारी लोखंडी धाव, अशी त्या चाकाची रचना. धाव चढविण्याचें काम पाहण्यासारखें असे. चाकाच्या घेरापेक्षां किंचित् लहान असें लोखंडाचें कडें गोवऱ्यांच्या आगींत लाल होईपर्यंत तापवावयाचें, फुगलें असतांनाच चाकावर ठोकून बसवावयाचें आणि लगेच त्यावर पाणी ओतावयाचें. लोखंड आक्रसतांना सारे सांधे करकरून एकजीव होत. इंग्रजी ‘टायर’ हा शब्दही प्रथम अशाच लोखंडी कड्यास लावीत. रबराकडे तो मागाहून गेला. तेव्हां ‘टायरास मराठी शब्द नाहीं’ अशी तक्रार करणाऱ्यांनीं आपल्या गांवच्या सुतार-लोहाराकडे एकवार चौकशी करावयास हरकत नव्हती.

परंतु अरुंद लोखंडी धाव ओल्या जमिनींत सुरीसारखी उतरते. म्हणून चाक सुधारल्यावर रस्ता सुधारणें ओघानेंच आलें. बोरघाट १८३० सालीं चाकाच्या गाड्यांसाठीं खुला झाला. मनमाडहून निघालेली निजामाची गोदावरी खोऱ्याची रेल्वे १९०० च्या सुमारास औरंगाबादेस पोंचली. १९३२ सालीं निजामाच्या रेल्वेनें सत्तावीस मोटारगाड्या घेऊन रस्त्यावरील उतारू-वाहतूक सुरू केली. खडी, मुरूम आणि डांबर यांचा थर जसजसा पसरला, तसतशी काळी माती चाकाखालून बाजूस सरली. बैलाच्या गाडीसही रबरी चाकें आलीं. ऊस वाहणारी ‘टायरगाडी’ हें तिचेंच नांव.

शीत देशांत गोष्ट उलट घडली. तेथें रस्ता कितीही पक्का केला तरी बर्फ त्याच्यावर येऊन बसतें. म्हणून बदलावयाचें तें चाकच. न्यूयॉर्क संस्थानांतील हॅरी वीड यानें १९०४ सालीं टायरभोंवतीं बांधण्याच्या सांखळ्यांचें पेटंट घेतलें. फिनलंडांतील रबराच्या कारखान्यानें १९३४ सालीं मालमोटारींसाठीं व १९३६ सालीं लहान मोटारींसाठीं खास बर्फाचा टायर काढला. पुढें टायरांत लोखंडी खिळे आले. परंतु बर्फ नसतां ते खिळे रस्ताच खरवडून काढीत आणि हवेंत धूळ उडवीत. या धुळीनें जपानच्या उत्तरेकडील शहरें इतकीं हैराण झालीं कीं, १९९० सालीं तेथें खिळ्यांच्या टायरांविरुद्ध कायदा करावा लागला.

हिवाळी टायराचें रहस्य केवळ खोल खांचांत नाहीं. साधें रबर उष्णतामान सुमारें ७ अंशांखालीं गेलें कीं कडक होऊं लागतें व त्याची पकड सुटते. हिवाळी टायराचें मिश्रणच असें मऊ असतें कीं तें गारठ्यांतही लवचीक राहतें, आणि त्याच्या पृष्ठभागावर केसासारख्या बारीक चिरा असतात, त्या बर्फास चिमटीनें धरतात. पण हाच गुण उन्हाळ्यांत दोष ठरतो. तापलेल्या डांबरावर तें मऊ रबर भराभर झिजतें आणि ब्रेक दाबल्यावर गाडी थांबावयास अधिक अंतर लागतें.

हिंदुस्थानांत बर्फाशीं गांठ पडते ती हिमालयांत. १ नोव्हेंबर १९४८ रोजीं जनरल थिमय्या यांच्या हुकमतीखालीं साडेअकरा हजार फुटांवरील झोजीला खिंडींत रणगाडे चढविले गेले, तेव्हां चाकांऐवजीं पोलादी पट्ट्यांनीं तें काम केलें. अलीकडे तेथेंही रस्ता बदलण्याचाच मार्ग पुन्हां पत्करला गेला आहे. रोहतांगच्या खालून नऊ किलोमीटरांचा अटल बोगदा २०२० सालीं खुला झाला.

आतां संभाजीनगरची गोष्ट. हें शहर समुद्रसपाटीपासून सुमारें १,८६० फुटांवर आहे. एखाद्या कडक रात्रीं येथील पारा सात-आठ अंशांवर उतरला तरी ऊन वर येतांच रस्ता उबतो. आणि वैशाखांत तोच पारा चाळिशी ओलांडतो. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्यें मराठवाड्यांत गारांचा असा मारा झाला कीं शेतें पांढरीं पडलीं. पण तो शेतकऱ्यावरचा घाला होता, तेवढ्यासाठीं टायर बदलावयाचे नव्हते. सारांश, कोणी हौसेनें हिवाळी टायर आणून येथें बसविले तर तो पैसे देऊन धोका विकत घेईल.

खरा धोका निराळ्या जागीं आहे. मृगाच्या पहिल्या सरी येतात त्या वेळीं आठ महिन्यांची धूळ, गळलेलें तेल आणि रबराचा चुरा हीं पाण्याशीं मिसळून डांबरावर एक बुळबुळीत साय धरते. दौलताबादहून खुलताबादेस चढणारा घाट किंवा कन्नडहून चाळीसगांवाकडे उतरणारा औटरम घाट त्या दिवशीं बर्फाइतकाच फसवा होतो. औटरम घाटांत ऑगस्ट १९२१ नव्हे, तर अगदीं परवां, ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस, अतिवृष्टीनें दरडी कोसळून वाहतूक बंद पडली होती; आणि २०२३ सालीं उच्च न्यायालयाच्या आदेशानें त्या घाटांतून जड वाहनांस मनाई करण्यांत आली. भीलांच्या पलटणीमुळें खानदेशांत नांवाजलेल्या जेम्स औटरमच्या नांवाचा हा घाट दोन शतकांनंतरही पावसाळ्यांत थांबावयास लावतो, तो असा.

या ऋतूसाठीं नवें चाक नको. आहे त्या चाकावर खांच शिल्लक हवी. मोटारीच्या टायराची खांच १.६ मिलिमीटरहून कमी असूं नये असा भारतांतील नियम आहे, कारण त्या खांचांतूनच पाणी बाहेर पडतें आणि रबर जमिनीस टेंकतें. गुळगुळीत झालेला टायर मे महिन्यांत निमूट चालतो व जूनमध्यें दगा देतो. तेव्हां तो बदलावयाचा तर वळवापूर्वीं. आणि घाट उतरतांना ब्रेकवर पाय ठेवून न बसतां, ज्या गिअरनें घाट चढला असता त्याच गिअरनें उतरावा.