अननसाचे नातेवाईक

माणूस निवृत्त झाला की त्याला काहीतरी जमवावंसं वाटू लागतं. आमच्या इमारतीत एक गृहस्थ जुनी नाणी जमवतात, दुसरे रक्ताचे रिपोर्ट जमवतात आणि दोघंही आपापला संग्रह आल्यागेल्याला सारख्याच उत्साहानं दाखवतात. मी ब्रोमेलियाड जमवतो. हा शब्द पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते एखाद्या गोळीचं नाव वाटतं. आमच्या नाणेवाल्यांनी तर लगेच "जेवणाआधी की जेवणानंतर?" असं विचारलं होतं.

तर ब्रोमेलियाड ही एक वनस्पती आहे. खरं म्हणजे ते एक मोठं कुटुंब आहे. साडेतीन हजारांहून अधिक जाती आहेत. त्यातली एकच जात आफ्रिकेत सापडते, बाकी सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली. पुष्कळांच्या पानांची मधोमध एक वाटी होते. पावसाचं पाणी त्या वाटीत साठतं आणि झाड ते सावकाश पीत बसतं. बरेचसे ब्रोमेलियाड जंगलात दुसऱ्या झाडांच्या फांद्यांवर राहतात, पण त्यांना बांडगूळ म्हणाल तर तो त्यांचा अपमान होईल. ते यजमानाचा रस पीत नाहीत. त्यांची मुळं असतात ती केवळ धरून राहण्यापुरती, लोकलमध्ये आपण दांडी धरतो तशी.

माझा पहिला ब्रोमेलियाड मी रोपवाटिकेतून साडेतीनशे रुपयांना आणला. गुझमानिया. डोक्यावर लालभडक तुरा, पानं तेल लावल्यासारखी चकचकीत. आमच्या हिनं एक पान चिमटीत धरून पाहिलं आणि विचारलं, "हे खरं आहे, की पुसायचं आहे?"

मी दुखावलो. दुखावलेला निवृत्त माणूस दोनच गोष्टी करू शकतो. एकतर वर्तमानपत्राला पत्र लिहितो, नाहीतर अभ्यासाला लागतो. मी अभ्यासाला लागलो. एक वही केली. रकाने आखले: क्रमांक, लॅटिन नाव, मूळ ठिकाण, आणल्याची तारीख, शेरा.

अभ्यासात पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की या कुटुंबाच्या इतिहासात डॉक्टरांचा सुळसुळाट आहे. 'ब्रोमेलिया' हे नाव ओलोफ ब्रोमेलियस या सतराव्या शतकातल्या स्वीडिश वैद्याचं. ते दिलं शार्ल प्ल्यूमिए नावाच्या फ्रेंच साधूनं. हा साधू वेस्ट इंडीजच्या बेटांवर झाडं शोधत हिंडायचा आणि सापडलेल्या झाडांना माणसांची नावं देऊन टाकायचा. बिगोनिया, मॅग्नोलिया, फ्यूशिया ही सगळी त्यानंच घातलेली बारशी. संन्याशाला स्वतःची मुलं नसली की हौस अशी भागवावी लागते.

दुसरे वैद्यबुवा एलियास टिलँड्स. यांची गोष्ट तर सोन्यासारखी आहे. हे तरुणपणी फिनलंडहून स्वीडनला जहाजानं गेले आणि वाटेत इतके आजारले, इतके आजारले, की परत येताना त्यांनी समुद्राचं तोंड पाहायचं नाही असं ठरवलं. आखाताला पूर्ण वळसा घालून खुष्कीच्या मार्गानं घरी आले, आणि 'जमिनीवरून आलेला' अशा अर्थाचं आडनावच लावून घेतलं, असं सांगतात. पुढे लिनियस या थोर नामकरणकर्त्यापुढे ब्रोमेलियाडांची एक जात आली. झाडांना, खडकांना लटकून कोरडी राहणारी. 'हिला पाणी आवडत नाही' असं वाटून त्यानं तिचं नाव ठेवलं टिलँडसिया. गंमत अशी, की ही जात पाणी पिते, चांगली घटाघटा पिते. फक्त मुळांनी न पिता पानांवरच्या बारीक खवल्यांनी पिते. लिनियससारखा माणूस चुकू शकतो, हे वाचून मला फार बरं वाटलं. तोपर्यंत मी तीन टिलँडसिया 'यांना पाणी लागत नाही' म्हणून वाळवून मारल्या होत्या.

तिसरे डॉक्टर लंडनचे, नॅथनियल वॉर्ड. १८२९ साली यांनी एका पतंगाचा कोश ओल्या मातीसकट बाटलीत बंद करून ठेवला. पतंगाचं बाजूला राहिलं आणि बाटलीत एक नेचा उगवून आला. लंडनच्या धुरात जे बाहेर जगत नव्हतं ते काचेच्या आत मजेत वाढत होतं. डॉक्टरांनी काचेच्या पेट्याच करून घेतल्या आणि १८३३ मध्ये त्यातून रोपं जहाजानं थेट सिडनीला पाठवली. ती जिवंत पोचली. तोवर समुद्रप्रवासात बहुतेक रोपं खाऱ्या वाऱ्यानं नाहीतर तहानेनं मरायची. पुढे चीनमधली चहाची रोपं हिमालयाच्या पायथ्याशी आली ती अशाच पेट्यांतून. या पेट्यांनी दूरदूरची जंगलं युरोपातल्या दिवाणखान्यांत आणून ठेवली. तेव्हा घरात कुंडी ठेवून बायकोची बोलणी खाण्याच्या परंपरेचे मूळ पुरुष म्हणजे हे डॉक्टर वॉर्ड.

हे सगळं मी एका रात्री हिला वाचून दाखवत होतो. ही भाजी निवडत होती. मी पुस्तकातलं एक चित्र पुढे केलं. हिनं चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाली, "हे तर आत्यांच्या कुंपणातलं अननसाचं झाड."

मी हसलो. मग पान उलटलं आणि हसू जागच्या जागी थांबलं. अननस हा ब्रोमेलियाडच आहे. कुटुंबातला सगळ्यात नावाजलेला, कमावता मुलगा. आणि माझ्या वहीत सगळे दूरचे चुलते-मावसे होते, तो नेमका नव्हता!

या कमावत्या मुलाचा इतिहास तर डोळे दिपवणारा. १४९३ साली कोलंबसाच्या माणसांनी ग्वाडेलूप बेटावर अननस पाहिला आणि खाल्ला. ब्राझीलमधल्या तुपी लोकांच्या भाषेतलं त्याचं नाव पोर्तुगीजांनी उचललं आणि फळाबरोबर आपल्या किनाऱ्यावर आणून उतरवलं. म्हणजे बाजारात आपण "अननस कसा दिला?" असं विचारतो तेव्हा तीन शब्दांतला एक शब्द तुपी भाषेचा असतो. जहांगीर बादशहानं तर आत्मचरित्रात लिहून ठेवलंय, की हे फळ फिरंग्यांच्या बंदरांत होतं, आणि आग्र्याच्या गुलअफशां बागेतही दरवर्षी हजारोंनी पिकतं.

युरोपात मात्र थंडीमुळे पंचाईत होती. कातडी कमावणाऱ्यांकडची ओकच्या सालीची भुकटी खड्ड्यात भरायची, ती कुजताना जी ऊब सुटते तीवर कुंड्या ठेवायच्या, वर काच, बाजूला शेगडी, रात्रंदिवस माळ्याची राखण. असं दोन-तीन वर्षं केलं की एक फळ. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजापुढे गुडघा टेकून एक माणूस अननस धरतो आहे, असं एक प्रसिद्ध चित्र आहे. स्कॉटलंडात डनमोरच्या अर्लच्या बागेत एका इमारतीच्या डोक्यावर भलामोठा दगडी अननस बसवला, तो आजही तिथं आहे. असं फळ खाणार कोण? मेजवानीत ते टेबलावर मधोमध मांडायचं, पाहुण्यांनी पाहायचं. एकच अननस भाड्यानं या घरून त्या घरी फिरायचा, असंही सांगतात. आपल्याकडे लग्नात आहेराची तीच साडी फिरते, त्यातलाच प्रकार. विसाव्या शतकात हवाईतल्या कारखान्यांनी त्याला चकत्या करून डब्यात भरला, आणि राजाचं फळ वाण्याच्या फळीवर येऊन बसलं.

आणि हे राजांचं फळ आमच्या आत्यानं कुंपणाला लावलं होतं. सावंतवाडीजवळच्या तिच्या घरी अननसाचं कौतुक एवढंच, की त्याच्या पानांचे काटे लागतात म्हणून गुरं आत शिरत नाहीत. फळ कापलं की ती ओरडायची, "शेंडो टाकू नको रे, मातयेत खोच!" आम्ही कंटाळत खोचायचो. न्हाणीच्या चुलीमागची झाडं आधी फळतात आणि ते धुरामुळे, असंही ती सांगायची. आम्ही शहरातली शिकलेली पोरं त्यावर पोट धरून हसायचो. आता वाचतो तर अझोर्स बेटांवरचे बागवान एकोणिसाव्या शतकापासून अननसाच्या काचघरात मुद्दाम धूर कोंडतात! धुरात इथिलीन नावाचा वायू असतो आणि तो लागला की झाड फुलावर येतं. आत्याला इथिलीन ठाऊक नव्हतं. आम्हालाही नव्हतं, पण हसलो होतो आम्ही.

या हसण्याची लाज वाटून मी पुढे वाचत गेलो, आणि मला भेटला रॉबर्टो बर्ले मार्क्स. ब्राझीलचा हा मुलगा १९२८ साली आईवडिलांबरोबर बर्लिनला गेला होता. तिथल्या वनस्पती उद्यानातल्या काचघरात त्याला काही झाडं दिसली आणि तो चाटच पडला. झाडं ब्राझीलची होती. त्याच्याच देशात त्यांना कोणी विचारत नव्हतं, बागांत कौतुक असायचं ते युरोपातल्या फुलांचं. तो घरी परतला आणि जगातला एक अव्वल उद्यानरचनाकार झाला. जंगलं धुंडाळून झाडं आणली, ब्रोमेलियाडांना भर चौकात मानानं बसवलं. रिओजवळच्या आपल्या मळ्यात त्यानं साडेतीन हजारांवर जाती जमवल्या आणि १९८५ मध्ये तो सगळा मळा सरकारला देऊन टाकला. १९९४ मध्ये तो वारला. २०२१ मध्ये मळा जागतिक वारसा ठरला. त्याला आपल्या घरचं झाड ओळखायला बर्लिनला जावं लागलं. मला साडेतीनशे रुपये मोजावे लागले. त्या मानानं मी स्वस्तात सुटलो.

संग्रहाला दृष्ट लागते म्हणतात, तशी माझ्याही लागली. एक दिवस डासांची तपासणी करणारा मुलगा आला. बॅटरी घेऊन वाटीवाटीत डोकावला आणि क्रमांक सातमध्ये त्याला अळ्या दिसल्या. "काका, हे काय पाळलंय?" मी त्याला त्रिनिदादची हकिकत सांगितली. १९४०च्या दशकात तिथं कोकोच्या मळ्यांवर सावली धरणाऱ्या उंच झाडांवर ब्रोमेलियाड होते, त्यांच्या वाट्यांत मलेरियाचे डास वाढत, म्हणून मोरचुदाचं पाणी फवारून ते ब्रोमेलियाड मारावे लागले. इतिहास ऐकवला की दंड माफ होतो अशी माझी समजूत होती. तो म्हणाला, "म्हणजे काका, तुम्हाला माहीत होतं." तेव्हापासून दर चार दिवसांनी मी प्रत्येक वाटीतलं पाणी ओतून, धुऊन, नवं भरतो.

त्यातच पहिली गुझमानिया वाळू लागली. लाल तुरा चार महिने टिकला, मग तपकिरी पडला, मग पानं. मी खत घातलं, सावलीत नेली, उन्हात आणली, तिच्याशी बोललोही. ही मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "उगाच का छळताय तिला? बुडाशी बघा." बुडाशी दोन हिरवी पिल्लं होती. "केळीचं काय होतं? एकदा घड दिला की ती जाते, मुनवे राहतात. तसंच हे."

माझ्या जाड पुस्तकात हे तीन पानं भरून लिहिलेलं आहे.

त्याच पावसाळ्यात आत्या गेली. ब्याण्णव वर्षांची होती. दिवस करून परतताना सगळे तिथली भांडी, फोटो, पाट वाटून घेत होते. हिनं कुंपणातला शेवटचा अननस मागितला, तिथंच कापून सगळ्यांना एकेक फोड दिली आणि शेंडा तेवढा पदरात बांधून आणला. तो गॅलरीत रंगाच्या रिकाम्या डब्यात खोचला. माझ्या बावीस लॅटिन नावांच्या रांगेत तो डबा शोभेना, म्हणून मी तो वॉशिंग मशीनमागे सरकवला होता. आज कबूल करतो.

तीन वर्षांनी मी तो डबा पुढे घेतला. झाड हातभर वाढलेलं. आमच्या गॅलरीत न्हाणीची चूल कुठून आणणार? पण पिकलेल्या सफरचंदातूनही इथिलीन सुटतं, असं वाचलं होतं. झाडावर प्लॅस्टिकची पिशवी चढवली, आत एक पिकलेलं सफरचंद ठेवलं आणि आठवडाभर तोंड बांधून टाकलं. "आजारी आहे का?" नाणेवाल्यांनी विचारलं. पण दोनेक महिन्यांनी पानांच्या मधोमध लालसर बोंड दिसलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात माझ्या मुठीएवढा एक अननस पिवळा झाला.

कापायचा धीर होईना. मी तो टेबलावर ठेवला, आल्यागेल्याला दाखवला. पाच दिवसांनी घरभर वास सुटला. "त्या इंग्रजांसारखं कुजेपर्यंत बघत बसणार का?" असं म्हणून हिनं सुरी घेतली. चार चकत्या झाल्या. दोन आम्ही खाल्ल्या, एक नाणेवाल्यांना, एक रिपोर्टवाल्यांना, साखर वाढेल तर वाढेल म्हणून. आंबट होता. आत्याकडचाही आंबटच असायचा.

शेंडा मी स्वतः खोचला, कोणी सांगायच्या आधी. मग वही काढली. क्रमांक तेवीस. लॅटिन नाव: अनानास कोमोसस. 'मूळ ठिकाण' या रकान्यात दक्षिण अमेरिका लिहायला हवं, हे मला पक्कं ठाऊक आहे. मी लिहिलं, 'आत्याचं कुंपण'.