आधी घर, मग राक्षस

विज्ञान-भयपटांच्या अभ्यासाकडे वळणाऱ्या वाचकाचे स्वागत करताना पहिली सूचना अशी, की राक्षसाकडे जरा उशिरा बघावे. आधी घर बघावे. कोण कोणाशी बोलत नाही, कोणाच्या मनात कसला सल आहे, हे बहुधा सुरुवातीलाच कळते. संकट नेमके त्याच फटीतून आत येते.

‘अ क्वाएट प्लेस’मध्ये (२०१८) आवाजावर झडप घालणाऱ्या प्राण्यांमुळे सारे कुटुंब गप्प आहे. बाप आणि बहिरी लेक यांच्यातला अबोला मात्र वेगळा. धाकट्या भावाच्या मृत्यूचा दोष ती स्वतःकडे घेते. बापाने आपल्याला माफ केलेले नाही, असे धरून चालते. तो तिच्यासाठी श्रवणयंत्रे जुळवत राहतो. त्यातून तिला ऐकू येत नाही, पण त्याच यंत्राचा कर्कश नाद प्राण्यांना लुळे करतो. बोंग जून-हो यांच्या ‘द होस्ट’मध्ये (२००६) हान नदीत ओतलेल्या रसायनातून अजस्र प्राणी निपजतो. पळापळीत बाप लेकीचा हात धरून धावतो; वळून बघतो, तर हात भलत्याच मुलीचा! लेक वाचत नाही; अखेरीस त्याच्या ताटाशी बसतो तो एक अनाथ पोरगा. माणुसकीचा प्रश्न इथे असा रोकडा उभा राहतो.

आपल्याकडचा जवळचा दाखला राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८). नारायण धारपांच्या कथेवरून सुचलेल्या या चित्रपटातले भय दंतकथेतले आहे, विज्ञानातले नव्हे. तरीही बाप मुलाला हावेचे शिक्षण देतो आणि शेवटी मुलगा सोन्याकडे पाठ फिरवतो, हा पेच तोच.

मुळशी तालुक्यातल्या माणसाला हा पेच पडद्यावर शोधायची गरज नाही. मुंबईच्या विजेसाठी टाटांचे धरण आले, तेव्हा १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळे सत्याग्रहाला उभे राहिले. तरीही घरेदारे, शेते पाण्याखाली गेलीच. पुढे याच तालुक्यात हिंजवडीचे आयटी पार्क उभे राहिले. जमीन विकून बसलेला बाप आणि गुन्हेगारीत शिरलेला मुलगा ‘मुळशी पॅटर्न’ने (२०१८) दाखवला. तो भयपट नव्हे. पण ‘द होस्ट’शेजारी ठेवून पाहावा. लेकराला वाचवू न शकलेला बाप दोन्हीकडे आहे, आणि त्याच्या हतबलतेला जबाबदार असणारे दोन्हीकडे घराबाहेर सुखरूप आहेत. यंत्राने किंवा पैशाने घर मोडते, तेव्हा दोष घरातल्यांच्याच माथी का येतो? अभ्यासाला सुरुवात या प्रश्नापासून करावी.