मतदारवर्तन : वऱ्हाडातील

मताधिकार असलेली व्यक्ती मतदान का करते वा करीत नाही आणि केल्यास विशिष्ट उमेदवाराची वा पक्षाची निवड कोणत्या कारणांनी करते, याचा अभ्यास मतदारवर्तन या संज्ञेत अंतर्भूत होतो. पॉल लाझार्सफेल्ड यांनी १९४० च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी केलेल्या पाहणीमुळे या अभ्यासास पद्धतशीर स्वरूप आले. अँटनी डाउन्झ यांनी १९५७ मध्ये मतदानाचा विचार लाभहानीच्या दृष्टीने केला. एका मताने निकाल बदलण्याची शक्यता अत्यल्प असताना मतदार हे श्रम का घेतो, हा त्यातून उद्‌भवलेला प्रश्न होय. वऱ्हाडचा, विशेषतः अकोल्याचा, इतिहास पाहता केवळ व्यक्तीच्या हिशेबातून त्याचे उत्तर मिळत नाही. मताधिकार कोणास होता व मत देण्याजोगा पर्याय कोणी उभा केला, यांवरही ते अवलंबून असल्याचे दिसते.

१९१९ च्या सुधारणा कायद्यान्वये १९२० मध्ये मध्य प्रांताच्या विधिमंडळाची निवडणूक झाली. वऱ्हाडवर निजामाचे नाममात्र स्वामित्व असल्याने तेथून निवडून आलेल्या सभासदांची औपचारिक नियुक्ती करावी लागे. मताधिकार शेतसारा, भाडे, प्राप्तिकर इ. निकषांवर आधारलेला असल्याने बहुसंख्य शेतमजूर व कारागीर त्याबाहेर राहिले. त्यातच काँग्रेसने या निवडणुकीवर बहिष्कार टाकला. अशा प्रकारे मत नसलेले आणि असूनही ते बुद्धिपुरस्सर न देणारे, असे दोन भिन्न वर्ग मतदानकेंद्रापासून दूर राहिले. १९२३ मध्ये स्वराज्य पक्षाने येथे बहुमत मिळविले. तथापि १९२५ मध्ये अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाचे सभासदत्व स्वीकारल्यावर पक्षातील मतभेद विकोपास गेले. फेब्रुवारी १९२६ मध्ये अकोल्याच्या परिषदेत प्रतिसहकारवादी संघटित झाले.

प्रौढ मताधिकारावरील पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ मध्ये झाली, तेव्हा अकोला मध्य प्रदेश राज्यात होते. प्रत्येक उमेदवारासाठी चिन्ह लावलेली स्वतंत्र मतपेटी ठेवण्यात आल्याने निरक्षरासही मत देणे शक्य झाले. मात्र देशभरात सु. २८ लाख स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची पत्नी वा मुलगी एवढीच ओळख दिल्याने त्यांची नावे यादीतून गळली. १९६२ मध्ये देशात पुरुषांचे मतदान सु. ६३ टक्के, तर स्त्रियांचे सु. ४७ टक्के होते. २०१९ मध्ये स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून किंचित अधिक झाले.

वऱ्हाडचा कौल अनेकदा उर्वरित महाराष्ट्राहून वेगळा राहिला. १९५७ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीस मोठे यश मिळाले, परंतु विदर्भात काँग्रेसचा प्रभाव टिकला. १९७७ मध्ये काँग्रेसची केंद्रातील सत्ता गेली असताना अकोल्यातून वसंत साठे त्याच पक्षातर्फे विजयी झाले. तत्पूर्वी १९६२, १९६७ व १९७१ मध्ये याच मतदारसंघाने मुस्लिम उमेदवार निवडून दिले होते. मत केवळ जातीधर्माने ठरते, या समजास त्यामुळे छेद जातो.

१९९० नंतरच्या दशकात दलित व संख्येने लहान असलेल्या इतर मागास जातींना एकत्र आणण्याचा बहुजन महासंघाचा प्रयोग ‘अकोला पॅटर्न’ म्हणून ओळखला गेला. प्रकाश आंबेडकर येथून १९९८ व १९९९ मध्ये लोकसभेवर निवडून गेले. एरवी उमेदवारीच्या विचारातही न घेतल्या जाणाऱ्या समूहांना या प्रयोगात स्थानिक सत्तेचा वाटा मिळाला. २००४ पासून मात्र भारतीय जनता पक्षाने हा मतदारसंघ सातत्याने राखला. तिरंगी लढतींत ‘मत वाया जाईल काय’ हा विचार मतदारांच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला.

मतदान न करण्याची कारणेही एकविध नसतात. मतदार ज्या गावी यादीत असतो, त्याच गावी त्याला मत द्यावे लागते. टपाली मतदानाची सोय ठरावीक वर्गांनाच आहे. त्यामुळे कामासाठी परगावी गेलेला मजूर, मत देण्याची इच्छा असूनही, अनुपस्थित ठरतो. २६ एप्रिल २०२४ रोजी अकोला व अमरावतीत मतदान झाले, ते वऱ्हाडच्या कडक उन्हाळ्यात. त्याच दिवशी मेळघाटातील काही गावांनी रस्ते, पाणी व वीज यांच्या अभावाच्या निषेधार्थ बहिष्कार टाकला. उमेदवार नापसंत असल्यास ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय २०१३ पासून उपलब्ध आहे. पण रस्ता नसल्याची तक्रार त्यातून व्यक्त होत नाही. मतदानाच्या टक्केवारीत परगावचा मजूर, बहिष्कार टाकणारे गाव आणि उदासीन नागरिक यांची गणना एकाच रकान्यात होते. म्हणून कमी मतदान म्हणजे उदासीनता, असा निष्कर्ष काढण्यापूर्वी अनुपस्थितीचे कारण तपासणे आवश्यक ठरते.