दाखल्यावरचं स्वातंत्र्य

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतली गुलामी संपवणाऱ्या लोकांना अर्पण केली. ती अर्पणपत्रिका मी विशीत वाचली. पुढे बऱ्याच वर्षांनी एक प्रश्न अडला : गुलामी चालू असतानाही जे काळे लोक गुलाम नव्हते, त्यांची मुलं कशी वाढत असतील?

उत्तर शोधत मी मेरीलँडमधल्या बाल्टिमोरला पोहोचलो. पुस्तकांतूनच, पासपोर्ट मी अजून काढलेला नाही. हे राज्य गुलामीचं. तरी १८५०च्या खानेसुमारीत या शहरात सुमारे २५ हजार मुक्त काळे आणि तीन हजारांहून कमी गुलाम. आई मुक्त तर मूल मुक्त, आई गुलाम तर मूल गुलाम. बाप कुणीही असो.

फ्रान्सिस वॉटकिन्स इथेच १८२५ साली मुक्त म्हणून जन्मली आणि लहानपणीच पोरकी झाली. पोरक्या मुक्त मुलांना न्यायालय सज्ञान होईपर्यंत एखाद्या मालकाकडे कामाला बांधून देऊ शके. फ्रान्सिसला नात्यातल्या विल्यम वॉटकिन्स यांनी घरी नेलं. त्यांची स्वतःची शाळा होती, तिथे ती शिकली. तेराव्या वर्षाच्या आसपास एका पुस्तकविक्रेत्याच्या घरी कामाला लागली आणि फावल्या वेळात तिथली पुस्तकं वाचू लागली.

त्याच शहरात फ्रेडरिक डग्लस हा गुलाम मुलगा वाढत होता. मालकिणीने त्याला अक्षरं शिकवायला घेतली, मालकाने ती बंद पाडली.

मुक्त माणसाला मात्र न्यायालयाचा दाखला लागे. त्यात उंची, कातडीची छटा आणि अंगावरचे वण नोंदलेले असत. लहानपणी खेळताना झालेली जखम मोठेपणी स्वातंत्र्याचा पुरावा ठरू शके! मला हे दाखले वाचवत नाहीत. १८३८ मध्ये डग्लस पळाला तो एका मुक्त काळ्या खलाशाचे कागद घेऊन. त्यातलं वर्णन त्याच्याशी जुळत नव्हतं. रेल्वेच्या कंडक्टरने कागदावरचा गरुड पाहिला आणि तो पुढे गेला.

फ्रान्सिस १८५०च्या सुमारास ओहायोत शिकवायला गेली. पाठोपाठ मेरीलँडने कायदा केला : बाहेरून येणाऱ्या मुक्त काळ्या व्यक्तीला पकडून गुलाम म्हणून विकता येईल. म्हणजे जन्मगावचा रस्ताच बंद. ‘फॉरेस्ट लीव्हज’ हा तिचा पहिला कवितासंग्रह शतकाहून अधिक काळ हरवलेला मानला जात होता. त्याची प्रत या शतकात सापडली, बाल्टिमोरच्याच एका संग्रहालयात.