घंटापक्ष्याची पहांट

इसवी सन १७७० च्या जानेवारींत कॅप्टन कुक यांचें ‘एंडेव्हर’ जहाज न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या उत्तर टोंकास, क्वीन शार्लट साउंड नांवाच्या खाडींत नांगर टाकून उभें होतें. जहाजावरील तरुण निसर्गाभ्यासक जोसेफ बँक्स यांस १७ तारखेस जाग आली, ती पाव मैलावरील अरण्यांतून येणाऱ्या पक्ष्यांच्या गायनानें. असंख्य कंठ जणूं चढाओढीनें गात होते. त्या स्वरांस त्यांनीं आपल्या रोजनिशींत लहान, सुरेल घंटांची उपमा दिली.

त्या गायकांत प्रमुख होता तो ‘अँथॉर्निस’ प्रजातीचा घंटापक्षी, असें अभ्यासक मानतात. ग्रीक भाषेंत या नांवाचा अर्थ ‘पुष्पपक्षी’. कुंचल्यासारख्या जिभेनें तो फुलांतील मध टिपतो. माओरी लोक त्यास ‘कोरिमाको’ म्हणतात, व उत्तम वक्त्याची स्तुति करतांना त्यास पहांटे गाणाऱ्या कोरिमाकोची उपमा देतात. नराप्रमाणें मादीही गाते, हें या पक्ष्याचें वैशिष्ट्य होय.

परंतु ज्या समुद्रवाटेनें या गाण्याची कीर्ति युरोपांत गेली, त्याच वाटेनें उंदीर आणि मांजरें न्यूझीलंडांत आलीं. अरण्येंही तुटूं लागलीं. वॉल्टर बुलर यांनीं १८७३ च्या आपल्या ग्रंथांत हा पक्षी झपाट्यानें नष्ट होत असल्याचें नमूद केलें. उत्तर बेटाच्या उत्तर भागांतून तो नाहींसा झाला; रोगाचाही त्यांत हात असावा, असें कांहींचें मत आहे. चॅटम बेटांवर याच प्रजातीची दुसरी, आकारानें मोठी जात होती. १९०६ च्या सुमारास तीही संपली. तिचीं कातडीं संग्रहालयांत आहेत. पण कातड्यास कंठ नसतो.

हानि केवळ संख्येची नव्हे. घंटापक्ष्याचें पिल्लूं वडीलधाऱ्यांचें ऐकून गाणें शिकतें, आणि स्थळपरत्वें त्याची बोली निराळी असते. एखादें रान मुकें झालें, कीं त्या रानाची बोलीही जाते; मागाहून पक्षी आले, तरी ते आपल्या गांवचें गाणें घेऊन येतात.

तसे ते आलेही. ऑकलंडजवळील टाफारानुई येथें कुंपण घालून उंदीर-मांजरांचा बंदोबस्त करण्यांत आला, आणि २००५ सालीं घंटापक्षी समुद्र ओलांडून आपण होऊन तेथें उतरले. जवळच्या हाऊतुरू बेटावर त्यांचा वंश टिकून राहिला होता. शतकाहून अधिक काळ मुक्या असलेल्या त्या किनाऱ्यावर पहांटेची घंटा पुन्हां वाजूं लागली. सूर मात्र आतां बेटावरचा होता.